अर्धी भरलेली नळी

३ मार्च
आजपासून रोजनिशी. नियम एकच: खरं तेवढंच लिहायचं.
लॅबच्या डॉक्टरांना नवं खूळ लागलंय. रक्तातली अमिनो ॲसिड्स मोजायची. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन हे त्रिकूट आणि चौथं होमोसिस्टीन. वाढलेली दिसली की हृदयाला धोका जास्त, माणूस लवकर जाण्याचीही शक्यता जास्त, म्हणे. एकतीस वर्षं लोकांचं रक्त काढतोय. आता रक्तच भविष्य सांगणार. वैताग.
नव्या शाखेचा प्रमुख नेमायचाय. इच्छुकांनी आधी स्वतःची तपासणी करून दाखवायची. बायकोची फुकट. इच्छुक दोन: मी आणि एक्स-रेवाला. तो डब्यातले भिजवलेले दाणे तोंड उघडं ठेवून चावतो. बघून मळमळतं.

५ मार्च
निश्चय: साखर बंद, तळण बंद, रोज चालणं.
दुपारी रिसेप्शनवालीच्या वाढदिवसाचा केक. दोन तुकडे खाल्ले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. क्रीम टाळूला चिकटलं, शी! ती चव घालवायला वेफर्स.

८ मार्च
प्रोटीन पावडर आणली. प्रोटीन अमिनो ॲसिडचंच बनतं, म्हणजे उपाय त्याच घराण्यातला. ओल्या भिंतीसारखा वास. नाक दाबून तीन ग्लास.
डॉक्टरांना सहज सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. डब्यावर त्याच त्रिकुटाची नावं ठळक छापलीत. चष्मा नव्हता.

११ मार्च, सकाळी ६:४०
उपाशीपोटी माझं आणि बायकोचं रक्त मीच काढलं, जेवणाच्या टेबलावर. माझी नळी तुडुंब. हिची नस सापडेना. दोनदा टोचलं, नळी जेमतेम अर्धी. ही हूं की चूं करत नाही.
माझ्या रक्ताकडे बघून मलाच किळस आली. ही आयुष्यभर दोन घास कमी खाणारी, दिवसातून दहादा जिना चढणारी. माझ्या नावाचं लेबल हिच्या नळीवर लावलं, हिचं माझ्या. फसवणूक नव्हे. तीस वर्षांचा संसार, त्यात तुझं-माझं काय करायचं? हिचा रिपोर्ट बघतंय कोण?
अंघोळ करून आलो तर हिने नळ्या बर्फाच्या डब्यात भरून झाकणही लावलेलं. गुणाची आहे. डबा तसाच मुख्य लॅबच्या माणसाच्या हातात दिला.

१४ मार्च
रिपोर्ट आले. माझ्या नावापुढे चारही आकडे लाल, म्हणजे वाढलेले. हिच्या नावापुढे एकही नाही.
आधी वाटलं मशीन बिघडलंय. शाखा एक्स-रेवाल्याला मिळाली, त्याने दाणे वाटले. मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्या नावावर हिचं रक्त. म्हणजे लाल आकडे हिचे.
पहिला विचार: मी ठणठणीत! लिहायचं नव्हतं, पण नियम केलाय. दुसरा विचार आल्यावर संडासात जाऊन ओकलो.

१५ मार्च
हिने माझ्या नावाचा रिपोर्ट वाचला. मला उकडलेला कोबी. बिनमिठाचा, ओल्या फडक्याच्या वासाचा. माझी दोन अंडी वाया जाऊ नयेत म्हणून हिनेच खाल्ली. चवीने. बघवेना.
सांगायला हवं. उद्या.

१७ मार्च
हिला धाप लागते का ते ऐकायला जिन्यात मागोमाग चढलो. धाप मला लागली. ही म्हणाली, शेपटासारखे मागे काय फिरताय?
भांडी घासली. मोरीच्या जाळीतलं बुळबुळीत खरकटं हाताने काढलं. ही हे रोज करते? तीस वर्षं मला ठाऊक नव्हतं. आज सांगणारच होतो, पण शेजारीण आली.

१९ मार्च
पाणी पिताना हिला ठसका लागला. माझ्या हातातली बशी फुटली. डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो, परत आलो. पाऊस नाही, गर्दी नाही, कारणच सापडेना. घाबरट आहे मी. स्वतःचीच शिसारी येते.

२१ मार्च, सकाळ
सांगितलं. लेबलं, शाखा, सगळं. आजच डॉक्टरांकडे चल म्हणालो. रडलोही, टेबलावर डोकं ठेवून.
हिने टेबल पुसलं. मग म्हणाली, अर्धी नळी माझी, एवढं मला कळतं. तिच्यावर तुमचं नाव दिसलं. वाटलं, चष्म्याशिवाय चुकलात. तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा लेबलं बदलून ठेवली. बोलले नाही. एकतीस वर्षं काम करणाऱ्याला कशाला लाजवायचं!
म्हणजे लाल आकडे माझेच.
आधी हायसं वाटलं. खरंच वाटलं. लिहून ठेवतो.
मग ही म्हणाली, आठ दिवस इतके चांगले वागलात, मला वाटलं मरणाला घाबरलात. मी म्हटलं, घाबरलोच होतो. ही उठून स्वयंपाकघरात गेली. डोळे पुसले असावेत.

त्याच दिवशी, दुपार
कोबी. सगळा खाल्ला. मीठ मागितलं नाही.
तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. रक्त एक्स-रेवाल्याची बायको, तीही आमच्याच धंद्यातली, काढणार आहे, तिचा हात हलका म्हणे. लेबल मात्र ही लावणार. मी फक्त हात पुढे करायचा.