नाकात वजन

तुमसर, रविवार, संध्याकाळ

बाबा बोलले!

दिवाळीत लकवा मारला, तेव्हापासून त्यांच्या तोंडून एक शब्द नव्हता. एअरफोर्समध्ये मेकॅनिक असताना त्यांनी जेट विमानाचा प्लॅस्टिकचा किट आणला होता, तो अर्धाच राहिला. आज तो घेऊन मी त्यांच्या पलंगाजवळ बसलो. जुना गोंद खरवडला, पंखांतल्या फटी पुट्टीने भरून घासल्या. आता विमानाच्या धडाचे दोन्ही भाग चिकटवणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "नाकात वजन टाक. नाही तं विमान मांगं कलून शेपटीवर बसंल."

मला वाटलं, भास झाला. पण दारात आईच्या हातातलं तांदूळ पाखडायचं सूप पडलं होतं.

"मले वळखता का जी?" तिने विचारलं. बाबांची नजर विमानावरच. नाकात वजन टाक... एवढंच? आईसाठी काहीच नाही?

"तू काहून गप्प बसला?" आई माझ्यावरच ओरडली. "बोलतं कर त्यायले!"

मग मी मुद्दाम डावा पंख उजव्या बाजूला लावून दाखवला.

बाबा लाल झाले. "गध्या, उलटा हाये तो!" आणि आईकडे मान वळवून म्हणाले, "सुमन, सांग याले."