वाळवंटातलं ऊन पाणी

ओमान, शनिवार

माझी आई,
आधी तुझ्या पाया पडतो. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, म्हणून धुळ्याला निघालेल्या नासीरभाईंच्या हाती पत्र देतोय.

महिन्यापूर्वी कामावर शिडीवरून पडलो, घोटा दुखावला. आता बरा आहे. काल नासीरभाईंनी वाळवंटातल्या गरम झऱ्यावर नेलं. आपल्या उनपदेवच्या कुंडासारखंच पाणी, भोवती मात्र नुसती रेती. मी पाय सोडून बसलो, तर शेजारचा म्हातारा अरब न विचारता माझा घोटा चोळू लागला. मी लाजून पाय ओढून घेतला. नासीरभाई त्याच्याशी बोलले आणि मला म्हणाले, "चोळू दे भाऊ. त्याचा पोरगाबी परदेशात शे."

मग मी पाय पुढे केला.

तुझे गुडघे कसे आहेत? मयुरीवहिनीसोबत उनपदेवला जाऊन ये. तिने पाय चोळायला घेतले तर नको म्हणू नकोस.

तुझाच,
कुंदन