पालथा हंडा

मिंबाताई गं,

आपल्याला गुलामांना लिहायला शिकायची बंदी, म्हणून हे पत्र मी पालथ्या हंड्यात बोलतेय. आई म्हणायची ना, दारात हंडा पालथा घातला की आतला आवाज मालकाच्या घरापर्यंत जात नाही.

तू संथ गायचीस म्हणून मुकादम क्रॉलीने मालकाला सांगून तुला विकायला लावलं. तेव्हापासून भाताच्या शेतात गाणं मी धरते, आणि त्याच्या ठेक्यावर साऱ्यांच्या कुदळी पडतात. आज तो खेकसला, "ए, भराभर गा!" म्हातारी फिबी धापा टाकत होती. मी तुझंच गाणं धरलं, नदी झोपेत कूस बदलते ते. कुदळी पाण्यावर तरंगाव्यात तशा हळू झाल्या. त्याने मला चाबकाने फोडलं. मी थांबले, तर फिबीने पुढची ओळ उचलली. तिला मारलं, तर पलीकडच्या बांधावरून कुणीतरी.

"कोण गातंय?" तो गरगर फिरत ओरडला.

"नदी असेल, साहेब," फिबी म्हणाली.

उद्या मलाही विकतील. पण ताई, तू असशील तिथवर आवाज पोचायला हवा. म्हणून आता हंडा सुलटा करतेय, आणि दार सताड उघडून गातेय.

तुझीच,
बाइना