आपल्या गावाचं पान

प्रिय अण्णा,

तुमच्या वर्षश्राद्धाला वाटायला दादा तुमचं जालना जिल्ह्याचं प्रवासपुस्तक पुन्हा छापून राह्यलाय. उद्या छापखान्यात द्यायचंय. "अण्णांचा एक शब्द बदलायचा न्हाई," असं बजावून त्यानं शेवटची नजर टाकायला ते माझ्याकडं दिलं. म्हणून आज लिहायला बसले. गोड बोलायला न्हाई हां! गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण चांगलं चांगलं लिहिण्यानंच आपला घात झाला.

काय फिरलात हो तुम्ही! शाळेतून रिटायर झालात अन् कधी मंठ्याची एसटी, कधी जाफराबादची जीप. एका देवळाची किल्ली कोणाकडं असते एवढं विचारायला तुम्ही दोनदा गेल्ते. चहा कुठं बरा, परतीची शेवटची गाडी कधी, सगळं बराबर. आई म्हणायची, "घरातलं मीठ संपलेलं दिसत न्हाई, अन् दुसऱ्याच्या गावचे दगड मोजून राह्यले!"

आणि आपल्या गावाचं पान? ते ओट्यावर बसून लिहिलंत. मी सुट्टीला आल्ते, समोरच होते. "आपल्याच गावाला काय बघायला जायचं?" म्हणालात. पायऱ्यांच्या त्या जुन्या बारवेबद्दल लिहिलंत, "पायऱ्या मजबूत. लेकराबाळांसह बिनधास्त उतरावे." ती तुमच्या लहानपणी पोहायची बारव, अण्णा! चाळीस वर्षं तुम्ही तिच्यात पाय ठेवला नव्हता. गुडघ्यांचं नाव सांगू नका. घमेंड होती ती.

फिलिपिन्सला डॉक्टरकी शिकताना माझी रूममेट होती ना, मारिसेल? पोरगी दर सुट्टीला स्वतःच्याच देशातलं एखादं बेट बघायला बोटीत बसायची. गाइडबुक घेताना दुकानात उभ्या उभ्या आधी आपल्या गावाचं पान उघडायची. ते खरं निघालं तरच पुस्तक घ्यायची. तुमचं पुस्तक पोस्टानं आलं तेव्हा तिनं मलाही तेच करायला लावलं. मी पान वाचलं अन् छाती फुगवून सांगितलं, "एकदम बरोबर!"

कसलं बरोबर? मी तर ती बारव वरनंच पाहिलेली. पोरीच्या जातीनं खाली उतरायचं न्हाई, हा तुमचाच कायदा. दादा उतरायचा. त्याला परवा विचारलं तर म्हणतो, चौथी पायरी हलते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना! पण गुरुजींची चूक गुरुजींना कोण दाखवणार?

मंग परभणीचं ते म्हातारं जोडपं आलं, तुमचं पुस्तक हातात घेऊन. तुम्ही त्यांना बारव दाखवायला नेलंत. बाईंनी आत डोकावून विचारलं, "पायऱ्या धड आहेत ना हो?" तुम्ही हसलात. "पुस्तकात लिहिलंय की!" म्हणत पुढं झालात, अन् चौथ्या पायरीचा दगड निघाला. त्या बाईंनीच मला हे रडत रडत सांगितलं. त्या तुमच्या मागं एकच पायरी होत्या. तुम्ही पुढं नसता तर त्या गेल्या असत्या.

लोक म्हणतात, गुरुजी आपल्या मातीत गेले, भाग्यवान! कसलं डोंबलाचं भाग्य? मी डॉक्टर आहे. मी तुमचं डोकं पाहिलंय.

राग आला? येऊ द्या. मला माझाही येतो. "अण्णा, एकदा उतरून बघितलंत का?" एवढं फोनवर विचारायला माझी जीभ झडली होती का? माझे अण्णा चुकणारच न्हाईत, असं वाटायचं मला. अजून वाटतं कधी कधी, अन् मंग रडू येतं.

काल मी बारवेत उतरले. बसत बसत, एकेक दगड हातानं हलवून बघत. सहा पायऱ्या ढिल्या आहेत. दादा चिडेल, आदळआपट करील. करू दे. तुमचं बाकीचं पुस्तक मी काना-मात्रेसकट तसंच ठेवीन, हा माझा शब्द. मारिसेललाही एक प्रत पाठवीन. पण आपल्या गावाच्या पानावर आता असं छापलं जाईल:

"पायऱ्या ढिल्या आहेत. बारव वरूनच पाहावी. या पुस्तकाचे लेखक इथेच पडून वारले. हे पान त्यांनी न बघता लिहिले होते आणि त्यांच्या मुलीने न बघता खरे मानले होते."

तुमची,
पमी