जहाजाचं मावंदं

आप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. पितृपक्षात पान वाढते, दसऱ्याला फोटोला हार घालते, उमरग्याच्या ऑफिसवर पाटी अजून तुमच्याच नावाची आहे. झालं, संपलं लेकीचं कर्तव्य. आज दुपारी गिऱ्हाईक नाही. बाहेर हायवेवर हैदराबादकडं जाणारे ट्रक एकामागोमाग चाललेत, पंखा कुरकुरतोय आणि मी बुकिंगच्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूवर हे लिहायला बसलेय. माझ्या हातून एक गोष्ट झालीय. ती जिला सांगायला पाहिजे तिला सांगायची हिंमत होईना, म्हणून तुम्हाला सांगतेय. तुम्ही आता ओरडू शकत नाही, तेवढाच माझा फायदा.

आधी आपला धंदा आता कसा चालतो ते ऐका. काशी-प्रयाग-गया अजून आहे, रामेश्वरही आहे, पण नुसत्या यात्रेच्या गाडीवर पोट भरत नाही. आता लोक जहाजानं फिरायला जातात. कुठं पोचायला नाही, नुसतं जहाजात राहायला. हसू नका. मुंबईहून निघायचं, गोव्याला तोंड दाखवायचं आणि परत मुंबईला यायचं, तीन रात्री. जहाज म्हणजे पाण्यावरचं दहा मजली लॉजच समजा. त्यात दुकानं, नाचगाणी, पोहायचा हौद, सगळं. मी त्यातल्या खोल्या विकते आणि खोलीमागं मला कमिशन मिळतं. जाहिरातीत भाडं एवढं कमी छापलेलं असतं की वाचणाऱ्याला वाटावं, ह्याच्यापेक्षा पुण्याच्या एका लग्नाला जाऊन येणं महाग. छापलेलं काही खोटं नसतं. ते फक्त भाडं असतं, खर्च नसतो. आणि भाडं नि खर्च ह्यातला फरक तुमच्या लेकीला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तुमची ती कडू बैठक होती ना. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी टाकलेली आहे, यात्रेला नाव द्यायला आलेली पन्नासेक माणसं बसलीत, मी तुमच्या शेजारी, आणि तुम्ही अजून एक रुपया इसार न घेता बोलायला लागता. "गाडीचं भाडं कळलं. आता वाईट गोष्टी ऐका." मग काशीच्या पंड्याची दक्षिणा, नाववाल्याचे पैसे, चपला सांभाळणारा, आंघोळीचं गरम पाणी, वाटेतला चहा, कुणी आजारी पडलं तर डॉक्टर. "बनारसला गेल्यावर बाईमाणूस लुगडं घेतल्याबगर गाडीत चढत न्हाय, ते आत्ताच धरा." बायका तोंडाला पदर लावून हसतात. "आन् शेवटचं. जाताना सोयरेधायरे हातावर नारळ ठेवत्यात, वाटखर्ची देत्यात. आल्यावर त्या प्रत्येकाला कायतरी द्यावं लागतंय. मावंदं करून गाव जेवू घालावं लागतंय. ते धरलं का? काशीचा खर्च काशीत संपत न्हाय, आपल्या दारात संपतोय." मग तुम्ही तांब्याभर पाणी पिता आणि म्हणता, "आता ज्याला उठायचं त्यानं उठावं. उठणाऱ्याला जो हसंल त्याला मी गाडीत घेणार न्हाय." दरवेळी आठ-दहा माणसं उठायचीच. आई घरी चिडायची, "गिऱ्हाईक पळवून लावायला बैठक घेता व्हय?" आणि तुम्ही निवांत आमटीत भाकरी कुस्करत बसायचा.

एकदाच तुम्ही माझ्यावर हात उगारला होता. मारलं नाहीत, पण उगारला. मी कॉलेजात होते, तुम्ही यात्रा घेऊन तुळजापूरला गेला होतात, आणि कळंबकडची एक बाई चौकशीला आली. मी तिला गाडीचं भाडं सांगितलं, इसार घेतला, आणि तुम्ही आल्यावर मोठ्या ऐटीत तो तुमच्यापुढं ठेवला. बाकीचं सांगितलं का, म्हणून विचारलंत. मी म्हटलं, खोटं कुठं बोलले? तेव्हा तुमचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. "खोटं बोलली असतीस तर माणूस भांडायला तरी येतंय गं. अर्धं सांगितलंस तर ते बिचारं सोताला येडं समजून गप बसतंय." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मला कळंबला धाडलंत, उरलेलं अर्धं सांगायला. बाईनं सगळं ऐकलं, नाव मागं घेतलं, इसार परत घेतला आणि वर मला पोटभर जेवू घातलं. येताना गाडीभर मी तुमच्यावर धुसफुसत होते.

ह्या जानेवारीत मावशी आल्या. सख्ख्या नाहीत, पण तुम्ही त्यांना ओळखता: पलीकडच्या गावच्या, नवरा शाळेत शिपाई होता, दोघं रामेश्वरच्या कडू बैठकीतून उठून गेली होती ती. काका आता रिटायर झालेत, पेन्शन आहे, मावशींचे बचत गटात थोडे साठलेत. भाचीच्या मोबाइलवर जहाजाची जाहिरात बघून दोघं थेट ऑफिसात. मावशी तुमच्या फोटोला हात जोडून म्हणतात, "तवा तुज्या आप्पानं समदा खर्च सांगितला म्हणून आमी उठलो. बरं झालं उठलो, न्हायतर पोरीच्या लग्नाला कुणापुढं तरी हात पसरावा लागला असता. पर ते बोलले हुते, समुद्र मी तुमाला दावणार म्हंजे दावणार. ते तर गेले. आता तू दाव." काका शेजारी बसून नुसते मान हलवत होते, नवा सदरा घालून.

दोघांसाठी एक कडू बैठक घ्यायला मला किती वेळ लागला असता? दहा मिनिटं. छापलेल्या भाड्यावर बंदराचा कर आहे, त्यावर जीएसटी आहे, आणि जहाजावरच्या नोकरांची टिप माणशी, रोजची, सक्तीची आहे. सोलापूरपर्यंत एसटी, तिथून रेल्वे, जहाज चुकू नये म्हणून आदल्या दिवशी पोचायचं तर लॉज, लॉजपासून धक्क्यापर्यंत टॅक्सी. जहाजावर खिशातले पैसे चालत नाहीत, एक कार्ड देतात. सरबत प्या, फोटो काढा, कार्ड टेकवलं की पैसे गेले. गोव्याला उतरून फिरायचं तर गाडी वेगळी. भाड्याच्या दुप्पट हाताशी असावेत, मग माणूस निर्धास्त जातो. आणि तुमच्यासारखंच शेवटी: गाव विचारणार, काय आणलं, मावंदं कधी, तेही धरा. हे सगळं मला तोंडपाठ आहे, आत्ता लिहिलंच की. पण मी भाडं सांगितलं आणि इसार घेतला. कर आणि टिप मग एकेक करून फोनवर मागितली, आणि त्यांनी एका शब्दानं न विचारता दिली. बाकीचं वाटेत त्यांचं त्यांना कळेल म्हटलं. मी मनाची समजूत घातली की बिचारी पुन्हा उठून जाऊ नयेत. तेही खरं होतं. पण त्या महिन्यात अजून एक खोली विकली की माझं कमिशन वरच्या पायरीवर जाणार होतं, हेही तितकंच खरं होतं. कशाचे वेगळे पैसे पडतात ते लपवायचं म्हटल्यावर कशाचे पडत नाहीत ते तरी कुठल्या तोंडानं सांगणार? एक सांगितलं की माणूस दुसरं विचारतंच. म्हणून तिकीट हातात देताना मी नुसतं म्हटलं, मजा करा.

आली परत. आठवड्यानं काका एसटीनं उमरग्याला आले, मावंद्याचं आवतण घेऊन. मी म्हटलं, काका, जहाजाचं कसलं आलंय मावंदं, ते काय तीर्थ आहे? तर म्हणाले, "गावानं नारळ दिले हुते गं, टोपी दिली हुती. गप बसून कसं चालंल? आन् तुला फोनवर आवतण देणं बरं दिसतंय का?" मी गेले. पन्नास-साठ पानं, पुरणपोळी, येळवणीची आमटी, कुरडया. पाटावर कलश मांडलेला, हळदीकुंकू वाहिलेलं. काशीच्या मावंद्याला गंगेचं पाणी असतं, म्हणून मी विचारलं, समुद्राचं आणलं का? मावशी म्हणाल्या, "न्हाय बाई. गोव्याला खाली उतरून जायला गाडीचे पैसे येगळे हुते. हे बोअरचंच हाय. समुद्र लई बघितला, पाण्याला हात तेवढा लागला न्हाय." हे अगदी हसत हसत सांगितलं. मग मला पहिल्या पंगतीत बसवलं, समोर रांगोळी, वर तुपाची धार.

वाढता वाढता मावशी पंगतीला जहाजाची हकीकत सांगत होत्या. पहिल्याच दिवशी दोघांनी दोन लिंबू सरबतं घेतली आणि त्याचं बिल बघून काकांना घाम फुटला. तिथून त्यांनी ठरवलं, आता इथं कशालाच हात लावायचा नाही. लाडवाचा डबा तपासणीत काढून घेतला होता, पण साडीत गुंडाळलेल्या दशम्या आणि शेंगाची चटणी राहिली होती. तीन दिवस तेच खाल्लं, खोलीत बसून. "आन् बाहिर काय थाट हुता म्हणून सांगू! काचंच्या दारातून दिसायचं, टेबलावर टेबलं, कापलेल्या फळांची फुलं काय, भाताचे ढीग काय, गोडाची तर गणतीच न्हाय. कुणाचं तरी लई मोठ्या माणसाचं लगीन हुतं. तीन दिस चाललं. ह्यांचं मन झालं हुतं जायचं, मी म्हणलं, लाज वाटत न्हाय का, ना सोयरं ना धायरं, आवतण न्हाय, कसं जायचं?" शेवटच्या दिवशी जहाजावरच्या एका पोरीनं हिंदीत विचारलं म्हणे, बाबा, खाना खाया? काकांनी ताठ मानेनं सांगितलं, "जी, पेट भरके." सगळी पंगत हसली. काकासुद्धा हसले. आप्पा, मीही हसले.

लग्न नव्हतं हो ते. जेवण होतं, रोजचं, सकाळ-दुपार-रात्र, त्यांनी भरलेल्या पैशातलं. त्यांची स्वतःची पानं त्या काचेपलीकडं मांडलेली होती आणि ती दोघं परक्याच्या लग्नात घुसायला नको म्हणून खोलीत बसून वाळलेली दशमी चावत होती. कुणीतरी आवतण द्यायचं होतं, ते द्यायचं काम माझं होतं. आणि तुम्ही म्हणालात तसंच झालं. भांडायला कुणी आलं नाही. मावशी वर सांगतात कशा, आमीच अडाणी, आमाला त्यातलं काय कळतंय, पर पोरीनं समुद्र दावला. मी दुसरी पुरणपोळी घेतली. नको होती, तरी पानात टाकली नाही. ती टाकली असती तर मला तिथंच रडू आलं असतं. सांगावं असं दोनदा जिभेवर आलं. पण भरल्या पंगतीत त्यांना म्हणायचं काय? मावशी, ते जेवण तुमचंच होतं म्हणायचं? मग त्यांची ती ताठ मान, ते हसणं, त्याचं काय राहिलं असतं? असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पंगतीतली दोन घरं जहाजाची चौकशी करत होती, हे सांगायचं राहिलं.

निघताना मावशींनी मला पाटावर बसवून ओटी भरली, खण दिला. दारापर्यंत आल्या आणि काहीतरी आठवल्यासारखं म्हणाल्या, "तुला फोन लावला हुता गं तवा. म्हणलं इचारावं, इथं जेवायचं कसं असतंय. पर समुद्रात कुठली आलीय रेंज." मी म्हटलं, हो मावशी, समुद्रात रेंज नसते.

तो खण घरी कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. आज लिहायला बसले ते असं ठरवून, की तुम्हाला सगळं सांगून झालं की उठायचं, कुलूप लावायचं आणि त्यांच्या गावाला जायचं. चारची एसटी मगाशीच गेली, मला खिडकीतून दिसली. हे कागद फॉर्मच्या गठ्ठ्याखाली जातील, कुठं टाकणार तुम्हाला पत्र? आणि वर मी तुम्हाला सगळं सांगितलं असं म्हणतेय, तेही अर्धंच आहे. रेंज होती, आप्पा. जहाज तेव्हा मुंबईच्या धक्क्यालाच होतं. फोन तीनदा वाजला. मी मावशींचं नाव बघितलं, वाटलं, कसल्यातरी बिलावरून बोलतील, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.