काचेच्या टाकीतलं तांबं

आई, तुझ्या शेवटच्या खेकड्याबद्दल तुला काही सांगायचं राहून गेलं. सेलवासला समुद्र नाही, ही त्या गावाची चूक तू कधी माफ केली नाहीस. मालवणहून विज्ञान शिकवायला आलीस आणि काही वर्षांनी टोकरखाड्याच्या क्वार्टरमध्ये, बाबांच्या टेबलावर, काचेच्या टाकीत समुद्र मांडलास. पाणी दमणहून कॅनमधून यायचं. दमणहून बसने कॅन घेऊन येणाऱ्या बाईकडे दारूबंदीच्या गुजरातेतले वापीचे पोलीस कोणत्या नजरेने बघतात, हे तुझ्या गावीही नव्हतं. एकाने झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून चाखलं. "बेन, आ तो खारुं छे." तू म्हणालीस, "मग समुद्र गोड असतो होय?"

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात टाकीतलं समुद्रफूल, दगडाला चिकटून राहणारा तो फुलासारखा प्राणी, आवळून अंगठ्याएवढं झालं. शंखातले तीन खेकडे होते, त्यांतले दोन महिन्याभरात शंख सोडून बाहेर आले आणि मेले. मासे मात्र मजेत. तू जेवताना जाहीर केलंस, "कणा असलेले जगताहेत, बिनकण्याचे मरताहेत. म्हणजे पाण्यात तांबं जातंय, ते बिनकण्याच्यांनाच आधी मारतं. कोण घालतंय?" बाबांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी झडती. तू स्टुलावर उभी आहेस, पाण्याचा तांब्याचा हंडा माळ्यावर चालला आहे. त्यामागून तामण, पळी, पंचपात्र. देवांची आंघोळ स्टीलच्या वाटीत. बाबा रोज सकाळी हंड्यातलं पाणी प्यायचे. ते खालून म्हणाले, "माझ्या पोटातलं तांबं कसं काढणार आहेस?" "तुम्ही टाकीत हात घालू नका म्हणजे झालं."

पाणी बदललं की उरलेला खेकडा दोन-तीन दिवस फिरायचा. रविवारी तू कोपरापर्यंत हात घालून काचा घासायचीस. सोमवारी तो पुन्हा शंखात.

अशाच एका रविवारी मी टॉवेल घेऊन तुझ्याशेजारी उभी होते. तू हात बाहेर काढलास, उजव्या मनगटावरचं कडं खाली घसरलं, आणि त्याखाली हिरवी रेघ दिसली. खडूने लिहून लिहून ते मनगट दुखायचं, म्हणून मीच ते तांब्याचं कडं तुला दिलं होतं. असल्या कड्यांना तू वर्गात अंधश्रद्धा म्हणायचीस, त्यामुळे शाळेत जाताना ते पदराखाली झाकायचीस. स्वतःपासूनही झाकलं असावंस. मी दिलेल्या साड्या कपाटात जायच्या. हे एकच तू अंगावर ठेवलंस. मी टॉवेल दिला आणि गप्प बसले.

तू मावशीकडच्या लग्नाला आठ दिवस मालवणला गेलीस. परत आलीस तेव्हा समुद्रफूल उमललं होतं आणि खेकडा काचेवर चढत होता. "मी नसताना काय केलंत?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "तू नव्हतीस, एवढंच."

तू बराच वेळ टाकीपुढे बसलीस. मग आत जाऊन चहा टाकलास. सकाळी हंडा खाली आला, देवांना तामण मिळालं. कोणी काही विचारलं नाही, कारण तुला विचारायची आमची पद्धत नव्हती. कडं मात्र हातातच होतं. पुढच्या रविवारपासून तू डाव्या हाताने काचा घासू लागलीस. डावा हात उजव्या कोपऱ्यात पोचायचा नाही, तिथे शेवाळ साचलं. त्या कोपऱ्याबद्दल बाबा बोलले की तू म्हणायचीस, "खेकड्याला सावली लागते."

आम्ही क्वार्टर सोडलं तेव्हा तू तो खेकडा दमणला नेऊन सोडलास. कडं पुढे दवाखान्यात नर्सने काढून माझ्या हातात दिलं.

ते तुला देताना मी म्हटलं होतं, पहिल्या पगारातून घेतलं. आई, पहिल्या पगारात मी सँडल घेतल्या. मी टायपिस्ट होते त्या तारेच्या कारखान्यात धुळ्याकडचा एक फिटर होता. भंगारातल्या तारेचे तीन पदर पिळून त्याने जेवणाच्या सुट्टीत ते करून दिलं. "ले ताई, चोख तांबं शे," म्हणाला. तेवढं मात्र खरं निघालं.