कुणापुढे झुकणार नाही

२ जून
गाणं झालं. ‘झुकणार नाही’. तिन्ही कडव्यांत त्या कोबाल्टची सालटी काढलीत. कालचं पोरगं, स्वतःला जमैकाच्या डान्सहॉल गाण्यांचा राजा म्हणवतं. बायकोला ऐकवलं. पर्लीन म्हणाली, चाल छान आहे, पण तुला वाक म्हणालं कोण? माझं शेवटचं हिट येऊन पंधरा वर्षं झाली हेही आठवणीने म्हणाली. तिला कलेतलं कळत नाही.

९ जून
गाणं बाहेर. आता किंग्स्टन पेटणार. रेडिओवाले बंदी घालतील. घालावीच. बंदीशिवाय करिअरला उठाव नाही. निवेदन तयार: मी, मेजर थंडर, माफी मागणार नाही.

१४ जून
बंदी नाही. उलट सकाळी लावलं. पोरांना शाळेत सोडणाऱ्या आईबापांसाठी. निवेदिका म्हणाली, किती प्रसन्न गाणं. शिव्या जरा सौम्य पडल्या बहुतेक.

१८ जून
कोबाल्टचा फोन. भांडायच्या तयारीनेच उचलला. म्हणाला, काका, जबरदस्त. आईने दिवसभर तेच लावलंय. मी स्पष्ट सांगितलं, ते तुझ्यावर आहे. म्हणाला, हो ना, थँक्यू. टरकलाय. त्याच्या पोर्टमोरच्या शोमध्ये गा म्हणाला. साफ नकार दिला.

१९ जून
पर्लीनने विचारलं, शेवटचा स्टेजवर कधी चढलास? लगेच कोबाल्टला कळवलं, येतो, पण माझ्या अटींवर. शेवटून दुसरा गाणार. त्याआधी नाही.

२३ जून
दुपारी चारला माझा नंबर. पहिला. पर्लीन म्हणाली, तेव्हा गेटसुद्धा उघडत नाही. उघडेल. सुरुवात दणक्यात हवी म्हणून मला ठेवलंय.

२८ जून
गेट बंद. समोर खुर्च्या मांडणारे चौघे आणि कोंबडी भाजणारी बाई. चांगले माइक कोबाल्टसाठी राखून ठेवलेले. मला वायरचा दिला. वायर आखूड. स्टेजच्या कडेला, स्पीकरशी कमरेत वाकून उभं राहिलं तरच माइक तोंडापर्यंत पोचायचा. साउंडवाल्याला म्हटलं, लांब वायर आण. तो म्हणाला, आधी एवढं उरकून घ्या, काका.

तिन्ही कडवी तशीच गायलो. ‘झुकणार नाही’ला कोंबडीवालीने चिमटा वर करून दाद दिली.

खाली उतरलो. कोबाल्ट नुकताच पोचला होता. त्याने पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, कंबर दुखतेय का?

नाही म्हणालो. दुखत होती.